मगनवाडीचे सोयाबीन आणि वर्ध्याची भाकर

१९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन खाण्याचा प्रयोग चालू होता. गांधीजी आणि त्यांच्यासोबत राहणारी माणसे शिजवलेले सोयाबीन रोजच्या जेवणात घेत होती. वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा होऊ लागली, तेव्हा गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकात या प्रयोगाबद्दल लिहिले आणि तो अजून नवा आहे, हेही सांगितले. गरिबाला परवडेल असे पौष्टिक अन्न कोणते, या प्रश्नाच्या उत्तरांपैकी सोयाबीन हे एक उत्तर असू शकेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

आज पावसाळ्यात वर्धा जिल्ह्यात कुठेही फिरा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि सोयाबीन दिसेल. मगनवाडीत जे परके कडधान्य म्हणून ताटात आले, ते आता जिल्ह्याचे मुख्य पीक आहे. पण शेतातला तो दाणा शेतकऱ्याच्या घरी क्वचितच शिजतो. आणि ज्या ज्वारीवर हा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या जगला, ती शेतातून जवळजवळ नाहीशी झाली आहे. वर्ध्याने अन्नाबद्दल देशाला एवढे सांगितले, तरी वर्ध्याच्या स्वतःच्या चुलीवर हा बदल कसा घडला, हा या लेखाचा विषय आहे. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात वाढले, वर्ध्यात संसार केला आणि रोजचा स्वयंपाक अजून स्वतः करते. त्यामुळे कागदपत्रांबरोबर काही पुरावा माझ्या स्वयंपाकघरातलाही आहे.

आधी संस्थांचा इतिहास थोडक्यात पाहू. ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संघटना काढण्याचा ठराव झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि तिथली इमारत संघाला दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी पडले. संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होते. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ हे संघाचे मुख्य विषय. म्हणजे संघाचा निम्मा कारभार स्वयंपाकघराशी निगडित होता. मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी तेलघाणीत सुधारणा केल्या. कमी श्रमात जास्त तेल देणारी ती घाणी ‘वर्धा घाणी’ या नावाने देशभर ओळखली गेली. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला राहायला गेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले.

गांधीजींचे खाणे हा तेव्हा सार्वजनिक विषय होता. १९१५ मध्ये त्यांनी दिवसात पाचांहून अधिक पदार्थ न खाण्याचे व्रत घेतले होते. १९१९ पासून ते शेळीचे दूध घेत. मगनवाडीत कडुनिंबाचा कच्चा पाला, चिंच, निरनिराळ्या पालेभाज्या, सोयाबीन असे प्रयोग एकामागून एक झाले. आश्रमाचे जेवण उकडलेले आणि बिनमसाल्याचे असे. देशभरातून येणारे पुढारी आणि पाहुणे पंगतीला बसत आणि परत जाऊन त्याविषयी लिहीत. त्या जेवणाबद्दल आपल्याला इतके माहीत आहे ते त्यामुळेच.

त्याच वेळी मगनवाडीच्या कुंपणाबाहेर वर्ध्यातली माणसे काय खात होती? १९०६ मध्ये रसेल यांनी संपादित केलेले वर्धा जिल्ह्याचे गॅझेटिअर पाहिले तर पिकांत कापूस आणि ज्वारी यांचेच राज्य दिसते. कापूस विकण्यासाठी आणि ज्वारी खाण्यासाठी, अशी ती वाटणी होती. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीच्या ओळी, बांधाच्या कडेने अंबाडी, रब्बीत गहू, हरभरा आणि जवस. या यादीतच रोजचे ताट तयार होते. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, चून, जवसाची किंवा तिळाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला झुणका किंवा पिठले म्हणतात, त्याला आमच्याकडे चून म्हणतात. कोथिंबीर आमच्याकडे सांबार असते, भुईमुगाच्या शेंगा फल्ली असतात. बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिला महिनाभर बाजारहाट करताना या शब्दांनी चकवले नाही, असे घर विरळाच.

अंबाडीचे उदाहरण घेऊ. तिचा कोवळा पाला तुरीच्या डाळीत आणि ज्वारीच्या कण्यांत शिजवायचा, वरून लसणाची फोडणी. बोंडांचे सरबत किंवा चटणी. खोडाच्या वाखाचे दोर शेतीच्या कामाला. बांधावरच्या एका झाडात भाजी आणि दावे दोन्ही. पावसाळ्यात तरोटा, घोळ, चिवळ अशा न पेरता उगवणाऱ्या भाज्या आणि हिवाळ्यात हरभऱ्याचा खुडलेला पाला. १९३५ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये हिरव्या पाल्याच्या उपयुक्ततेबद्दल लिहिले आणि कार्यकर्त्यांना आसपासच्या खाण्याजोग्या पाल्याची माहिती मिळवायला सांगितले. ती माहिती निंदणाला जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या ओट्यात होती. संध्याकाळी घरी येताना तिने खुडून आणलेली भाजी हेच त्या घराचे कोरड्यास असे.

डाळ आणि भाकर यांची जोडी, न कांडलेले धान्य, घाणीचे तेल, पालेभाजी आणि गूळ हे सारे सुधारकांना हवे होते आणि त्यातले बहुतेक वर्ध्याच्या घरांत आधीपासून होते. मात्र या घरांना पुरेसे मिळत होते असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. सालदाराला वर्षाचे धान्य आणि थोडे रोख पैसे मिळत. मजूर बायकांना कापणीच्या दिवसांत ज्वारीच मजुरी म्हणून मिळे, पायली-कुडवाच्या मापाने. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की भाकरीऐवजी कण्या किंवा आंबील. चुलीचा दर्जा जातीने आणि जमिनीने ठरत असे. गांधीजींनी निवडलेल्या शेगावात बहुसंख्य वस्ती दलितांची होती. आश्रमाच्या पंगतीत जात पाळायची नाही हा नियम त्या परिस्थितीत लहान नव्हता. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्येच जमनालाल बजाजांनी दलितांना खुले केले होते, पण मंदिराचा दरवाजा उघडणे आणि शेजारच्या घरी पाणी पिणे यांत कित्येक वर्षांचे अंतर राहिले.

सुधारकांच्या हिशेबात एक गोष्ट कमी मोजली गेली, असे मला त्या काळातले लेखन वाचताना वाटते. ती म्हणजे बाईचे श्रम. जात्यावरचे पीठ पौष्टिक असते आणि गिरणीमुळे गावातला एक उद्योग बुडतो, हे दोन्ही खरे. पण पहाटे चारला उठून पाच-सहा माणसांच्या भाकरीपुरते दळण काढणाऱ्या बाईला गावात गिरणी येणे हा दिलासा होता. जात्यावरच्या ओव्यांचे आपण कौतुक करतो, त्यांचे संग्रह काढतो. माझ्या आजीला त्या ओव्या भरपूर येत. गिरणी आल्यावर जाते पुन्हा सुरू करावे असे मात्र तिने एकदाही म्हटल्याचे मला आठवत नाही. डाळ भरडायला तेवढे ते बाहेर निघे.

भाकर थापणे हेही सोपे काम नव्हे. गव्हाच्या कणकेत जो चिकटपणा असतो, तो ज्वारीच्या पिठात नसतो. आधणाचे पाणी घालून पीठ काथवटीत तळहाताने रगडावे लागते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकर थापताना फाटते. म्हणून दळण थोडे थोडे आणि वारंवार आणावे लागते. कणकेसारखे भिजवून ठेवता येत नाही, एक एक भाकर मळून लगेच थापावी लागते. शेतावर जाणाऱ्या चार गड्यांची शिदोरी म्हणजे सकाळच्या वेळी दहा-बारा भाकरी. आजी म्हणायची, “भाकर खाऊन गेला त माणूस दुपारवरी वखर हाकते, पोयीचं काही खरं नाही.” हा भाकरीचा गौरव झाला. पुढे घरात गहू आला, तेव्हा पोळी करायला तीही तयार होती. सणाचे धान्य रोज मिळत असेल तर नको कोण म्हणेल?

या बाबतीत आश्रम गावापुढे होता, हे मान्य केले पाहिजे. आश्रमाच्या रसोड्यात पुरुषही पाळीने काम करीत. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर सेवाग्रामात नई तालीम सुरू झाली. तिथे स्वयंपाक हा मुलगे आणि मुली दोघांच्याही शिक्षणाचा भाग होता. तो विचार पंचक्रोशीतल्या घरांत मात्र रुजला नाही. आमच्याकडे पुरुष स्वयंपाक करतात तो घराबाहेर. शेतात किंवा देवळाच्या आवारात रोडग्यांचे जेवण असते, तेव्हा गोवऱ्यांचा जगरा लावणे, कणकेचे गोळे त्यात भाजणे, मोठ्या गंजात वांग्याची भाजी आणि वरण शिजवणे हे सगळे पुरुष हौसेने करतात. राखेतून काढलेला रोडगा झटकून, फोडून त्यावर तूप ओतायचे. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला बाहेरचे जेवण कोणते आवडते असे विचारले, तर हॉटेलच्या आधी त्याला ही पंगत आठवेल.

बाजारातल्या खाण्यातही संस्थांचा एक ठसा राहिला. जमनालाल बजाजांनी अखेरच्या काळात गोसेवेला वाहून घेतले. १९४१ मध्ये गोसेवा संघ स्थापन झाला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये ते गेले. गोसेवेच्या त्या परंपरेतल्या गोरस भांडाराचा गोरसपाक आज वर्ध्याची ओळख आहे. गाईच्या तुपातली ही खुसखुशीत बिस्किटे घेतल्याशिवाय वर्ध्याचा पाहुणा परत जात नाही. कडुनिंबाची चटणी आणि उकडलेले सोयाबीन आश्रमाबाहेर पडले नाही. बाहेर पडला तो गोरसपाक. बाकी रस्त्यावरचे खाणे विदर्भातल्या इतर शहरांसारखेच आहे. सकाळी तर्री घातलेले पोहे, संध्याकाळी रश्श्यातला आलूबोंडा. आश्रमाच्या बिनमसाल्याच्या पंगतीपासून काही किलोमीटरवर तर्रीचा लाल तवंग, आणि दोन्ही ठिकाणी गर्दी, हेही वर्धाच.

आता ज्वारीकडे वळू. ती एका कारणाने गेली नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. उत्पन्न वाढले, पण वर्ध्याची ज्वारी खरिपाची. लवकर तयार होणारे हे कणीस परतीच्या पावसात सापडले की दाणा काळा पडे. काळ्या दाण्याची भाकर कडसर लागते आणि बाजारात भाव मिळत नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्यानंतर रेशनवरचा गहू आणि तांदूळ घराघरांत स्थिरावला. मजुरी धान्याऐवजी रोख मिळू लागली. मजूर बाईला आता ज्वारी हवी असेल तर विकत घ्यावी लागणार होती आणि रेशनचा गहू त्याहून स्वस्त होता.

शेतातही अडचण होती. ज्वारीला राखण लागते. शिवारात सगळ्यांची ज्वारी असते तेव्हा पाखरांचे नुकसान सगळ्यांत वाटले जाते. एकट्याने पेरली तर गावची पाखरे त्याच्याच वावरात उतरतात, आणि रात्री रानडुकरे. म्हणून गावात ज्वारी कमी होऊ लागली की ती झपाट्याने कमी होते. शेवटच्या चार-दोन शेतकऱ्यांना इच्छा असूनही पेरता येत नाही.

रिकामी होणारी ही जागा सोयाबीनने घेतली. हे सोयाबीन मगनवाडीतून आले नव्हते. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने जबलपूर आणि पंतनगर इथल्या कृषी विद्यापीठांत त्यावर काम झाले. मग ते मध्य प्रदेशात पसरले. १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि त्या सुमारापासून विदर्भातही सोयाबीनचा पेरा वाढत गेला. साधारण शंभर दिवसांत पीक हाती येते, दसरा-दिवाळीच्या तोंडावर पैसा मिळतो, त्याच जमिनीत पुढे हरभरा घेता येतो. कर्जात असलेल्या शेतकऱ्याला याहून मोठे आकर्षण कोणते? दिवाळीचे कपडे आणि किराणा सोयाबीनच्या चुकाऱ्यावर ठरू लागले.

गांधीजींना सोयाबीन गरिबाच्या ताटात हवे होते. ते गेले कारखान्यात. तिथे त्याचे तेल आणि ढेप वेगळी होते. ढेपेचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्याला किंवा निर्यातीला जातो. तेल शुद्ध होऊन प्लास्टिकच्या पाकिटात परत गावात येते. कुमारप्पांचा आग्रह याच्या नेमका उलट होता. तेलबी गावात पिकावी, गावच्या घाणीत गाळली जावी, तेल माणसांना आणि ढेप गावच्याच गुरांना मिळावी. ज्या जिल्ह्याच्या नावाची घाणी देशभर गेली, त्या जिल्ह्यात सोयाबीनचे रिफाइंड तेल घरोघरी पोचले आणि जवस, तीळ, करडीचे घाणीचे तेल मागे पडले. स्वयंपाकघरात सोयाबीन आले ते एवढेच. तेलाच्या रूपात, आणि ढेपेपासून केलेल्या सोयावड्यांच्या रूपात. त्या वड्यांची रस्सेदार भाजी मात्र आता खेड्यांतल्या लग्नपंगतीतही दिसते.

ज्वारीबरोबर आणखीही काही गेले. तिचा कडबा गेला. सोयाबीनचे कुटार कडब्याची जागा भरून काढत नाही. वैरण आटली, ट्रॅक्टर आले, गुरे कमी झाली. आर्वी-कारंजा भागातली गवळाऊ ही पांढरी, काटक जात एके काळी दूध आणि बैल दोन्हींसाठी नावाजलेली, तिचीही संख्या घटली. गुरे कमी तर शेण कमी, शेण कमी तर गोवऱ्या कमी. आज शहरात रोडग्याचे जेवण ठरवायचे तर गोवऱ्या विकत आणाव्या लागतात.

पीठ बदलल्याने हाताचे कसबही बदलले. ज्वारीच्या खारोड्या आणि अंबाडीच्या भाजीत घालायच्या कण्या यांना ज्वारी घरात मुबलक असावी लागते. उलट गव्हाचे सरगुंडे आणि शेवया, डाळीच्या मुगवड्या, वडाभात, गोळाभात, पाटवडी टिकून आहेत, कारण त्यांचे सामान दुकानात मिळते. कोणता पदार्थ जगेल हे आवडीनिवडीपेक्षा जास्त धान्यावर ठरते, हे मला स्वतःच्या स्वयंपाकात दिसले. माझी आवडती भाजी अंबाडीची. ती वर्षातून दोन-चारदाच होते, कारण बांधाला अंबाडी लावणारे शेत आता शोधावे लागते.

सगळेच हरवले असे नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यात कुरकुमिनचे प्रमाण जास्त असते आणि रंगाला चिमूटभर पुरते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, सरकारने या धान्यांना ‘श्री अन्न’ म्हटले. लाकडी घाणीची दुकाने पुन्हा निघाली आहेत. पण घाणीचे तेल पाकिटातल्या तेलापेक्षा महाग आहे आणि ज्वारी रेशनच्या गव्हापेक्षा महाग आहे. बाजारात मिळणारी चांगली ज्वारी बहुतेक रब्बीची असते, सोलापूर-मराठवाड्याच्या बाजूने आलेली. डॉक्टरांनी मधुमेहासाठी भाकर सांगितलेला शहरी माणूस ती घेतो. मजूर बाई घेत नाही. गरिबाचे स्वस्त पौष्टिक अन्न कोणते, हा १९३५ चा प्रश्न वर्ध्यात अजून सुटलेला नाही, आणि एके काळी त्याचे निम्मे उत्तर असलेले धान्य गरिबाच्या हाताबाहेर गेले आहे.

मराठीत पाककृतींच्या पुस्तकांची परंपरा मोठी आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलितांचे खाणे प्रथमच तपशिलात मांडले आणि पाककृतीच्या पुस्तकाला सामाजिक इतिहासाचे रूप दिले. वर्ध्यालाही अशा नोंदीची गरज आहे. गांधीजींनी कोणत्या दिवशी किती तोळे काय खाल्ले, हे आपण पत्रांतून आणि रोजनिशींतून शोधू शकतो. त्याच वर्षी पवनार, देवळी किंवा हिंगणघाटच्या एखाद्या घरात पावसाळ्यातल्या टंचाईत काय शिजत होते, हे सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्याकडून पदार्थांची नावे आणि कृती टिपून घेणे पुरेसे नाही. धान्य कुठून आले, कोणत्या मापाने मिळाले, दळले कोणी, भाजी कोणत्या बांधावरून खुडली, शेवटी कोण जेवले आणि त्या वेळी भांड्यात काय उरले होते, हेही विचारले पाहिजे. मी आमच्या नात्यागोत्यातल्या ऐंशीच्या पुढच्या बायकांपासून ही विचारपूस सुरू केली आहे. एक वही भरत आली आहे, आणि तिच्यातल्या पहिल्या पन्नास पानांत सोयाबीनचे नाव एकदाही आलेले नाही.